रकाना सातवा

दर मार्चात, कुंडईच्या सड्यावर
काजू पिकून खाली पडायला लागले
की पणजीच्या ऑफिसातून हा तक्ता येतो.
नाव, वय, नोकरीची वर्षं, कामाचं स्वरूप,
कुठे दुखतं, किती दिवसांपासून.
आणि सातव्या रकान्यात मी लिहायचं,
हा माणूस आणखी किती वर्षं कामाला पुरेल.

मी म्हणजे आरोग्य खोलीतली माणिक.
एक खाट, एक वजनकाटा,
बामाच्या दोन बाटल्या, त्यातली एक संपलेली.
ज्योतिषी नव्हे.

ल्यांद्र फुर्ताद, सत्तावन्न. भट्टी.
काट्यावर चढताना त्याचे गुडघे असे वाजतात
की आम्ही दोघंही हसतो.
‘बाये, ते आता एकमेकांशी बोलतात,
मी मध्ये पडत नाही.’
त्याच्या पेट्या कोण उचलतं, हे तक्ता विचारत नाही.
उचलतो शेजारचा वेळीप, मुकाट्याने.
आणि ल्यांद्र त्याला मीटरवरचे आकडे वाचून दाखवतो,
कारण वेळीपला दिसेनासं झालंय
आणि हे वर कळलं तर संपलंच.
दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस होतो.
तक्त्यात मात्र ओळी दोन.

प्रेमावती गावडे, एकेचाळीस. तपासणीचा पट्टा.
मिनिटाला साठ बाटल्या
उजेडासमोरून जातात, ती उभी.
उजवा खांदा. सात महिने.
‘घरी विश्रांती मिळते?’
घरी सासू पडून आहे,
रात्रीत तीनदा कुशीवर वळवावी लागते.
ही तिसरी पाळी
‘कामाचं स्वरूप’मध्ये लिहिली
तर कागद परत येईल.
लिहिली.

मग साईश. चोवीस.
वजन एकसष्ट, रक्तदाब पुस्तकातल्यासारखा.
कुठे दुखतं? कुठेच नाही.
आम्ही अशांना चटकन मोकळं करतो,
रांग मोठी असते, जेवणाची सुट्टी छोटी.
तो उठला नाही.
बुटाच्या नाडीशी खेळत राहिला.
ठेकेदाराकडून आलेला, दोन वर्षांत हा तिसरा ठेकेदार,
कधी लागोपाठ दोन पाळ्या, कधी आठवडाभर फोनच नाही.
‘झोप येत नाही. हे कुठे लिहितात?’
मी तक्ता उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.
‘पट्टा थांबवायचं बटण आहे ना लाल,
माझ्या कोपराजवळच आहे.
बाटल्या फुटायला लागल्या तरी
मी त्याला हात लावायचा नाही,
सुपरवायझरला बोलवायचं.
रात्री अंथरुणात कोपर हलतं आपोआप.
हे कुठे?’

बाहेर कोणीतरी दार वाजवलं.

ल्यांद्रपुढे मी तीन लिहिले,
आणि बाजूला बारीक अक्षरात: वेळीप असेल तर.
प्रेमावतीपुढे सतरा, शासनाने ठरवल्याप्रमाणे,
कारण खरा आकडा
तिच्या घरातल्या खाटेवर निजलाय
आणि तो मला उच्चारवत नाही.
साईशपुढे छत्तीस लिहिले पेन्सिलीने.
साठातून चोवीस, वजाबाकी सरळ आहे.
खोडले. वीस केले. खोडले.
पाच.

संध्याकाळी म्हार्दोळची बस चुकली.
तक्ता अजून माझ्याकडेच आहे.
सातव्या रकान्यात त्याच्या ओळीवर
कागद इतका झिजलाय
की खालच्या टेबलाची फळी दिसते.
तिथे आता शाई टेकवली
तर पसरेल, वर आणि खाली,
शेजारच्यांच्या वयांतसुद्धा.