ओजसला, चौथं साम्राज्य बुडाल्यावर

तुझा मेसेज रात्री दोनला आला.
दोनशे चाळिसाव्या वर्षी सगळं गेलं म्हणतोस,
राजधानीसकट.
मी जागीच होते. ग्रिम्सबीला मे महिन्यात
चारलाच फटफटतं, आणि सीगल
त्याच्याही आधी भांडायला बसतात.

तर ऐक.
पहिली शंभर वर्षं तोफेला हात लावायचा नाही.
दोन टेहळी जहाजं सोड, एक डावीकडे, एक उजवीकडे.
नकाशा काळा आहे तोवर शहाणपणा नको.
शेजारी कोण, काय खातो, त्याचं कुणाशी वाकडं,
एवढं कळलं की अर्धी मोहीम झाली.

तुझं अंथरूण सहा ग्रहांचं
आणि पाय सव्वीस ग्रहांवर.
न वसलेल्या वसाहतीचा महसूल धरून
तू जहाजं बांधायला घेतोस,
बाजारात तुरी.
पानिपत शाळेत घोकलं असशील ना?
तलवारी होत्या रे. पोटात दाणा नव्हता.
आठ उड्यांवर आरमार नेलंस
आणि वाटेत इंधनाचा एक तळ नाही!

मी दिवसभर कोल्ड स्टोरेजचे हिशेब बघते.
हॅडॉक इतके टन, कॉड इतके,
सगळं आइसलँडहून येतं, डब्यात भरून.
इथल्या गोदीत आता मासेमारीच्या बोटी
बोटांवर मोजाव्यात,
तरी गाव अजून माशावरच जेवतं.
म्हणून सांगते, खाण आपली नसली तरी चालेल,
नाका आपला हवा.

हे मी पुस्तकात नाही वाचलं.
शेजारी ट्रेव्हर राहतात, वय एकोणऐंशी,
पंधराव्या वर्षी ट्रॉलरवर चढलेले.
दर गुरुवारी आम्ही दोघं खेळतो,
त्यांच्या स्वयंपाकघरात, एकाच लॅपटॉपवर,
आळीपाळीनं, दुसऱ्याच्या खेळीला
भिंतीकडे तोंड करून.
ट्रेव्हरनी मला साठ वर्षं स्वस्तात लोखंड विकलं.
मी खूश. माझ्या खाणी मीच बंद केल्या.
एकसष्टाव्या वर्षी त्यांनी विक्री थांबवली.
बस्स. एक गोळी नाही उडाली,
माझे जहाजांचे कारखाने
रिकाम्या डब्यासारखे वाजायला लागले.

मी चिडले. ते म्हणाले,
आमचं गाव तोफेनं नाही पडलं, बाई.
नकाशावरच्या एका रेघेनं पडलं.
बारा मैलांवर होती, मग पन्नासवर,
मग दोनशेवर.
आम्ही तिच्या अलीकडे उभे,
मासे पलीकडे.

तर तोफा मोजत बसू नकोस, रेघा बघ.
कुणाची सरकतेय, दर वर्षी किती.
तह कर, पण तहाची मुदत वाचून कर.
चौथाई द्यावी लागली तर दे,
नाक कापलं जात नाही त्यानं,
घेणारा मात्र सुस्त होतो.

आणि एक, हे जरा अवघड आहे.
ग्रहांना नावं ठेवायची नाहीत.
यंत्र देतं तो आकडा पुरे.
मी एका बर्फाळ चंद्राला गमतीत केळशी म्हटलं.
अकरा माणसं, एक रडार, बाकी वारा.
गेल्या गुरुवारी ट्रेव्हरचा ताफा तिकडे वळला
आणि मी राजधानी उघडी टाकून
तीन युद्धनौका धाडल्या.
दोन्ही गेलं.

तिथे होतं काय, त्यांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं.
ते चहा ओतत राहिले.
त्यांच्या ताफ्यात एक जुनाट मालवाहू आहे,
साडेतीनशे वर्षांत तिनं नांगर उचललेला नाही,
देखभालीचा खर्च मात्र दर वर्षी भरतात.
तिचं नाव मी अजून वाचलेलं नाही.
वाचता येईल, नुसतं बोट ठेवायचं.

असो. पाचवं साम्राज्य उद्या मांड, आज झोप.
परीक्षा कधी आहे ते कळव.
आणि दर दहा वर्षांनी सेव्ह करत जा, गाढवा.

मावशी