घडी मोडणे

नवी साडी पहिल्यांदा नेसली
की आपल्याकडे म्हणतात, घडी मोडली.
आनंदाचं वाक्य आहे ते.
परळच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
मी तेच वाक्य वहीत लिहिते
आणि तिथे त्याचा अर्थ आजार होतो.

प्रथिन म्हणजे आधी नुसता लांब दोरा.
घडी पडली की कामाचा.
सगळ्यांची आपसूक पडत नाही,
काहींना पाठराखीण लागते,
नव्या नवरीसोबत सासरी जाते तशी;
घडी बसेपर्यंत थांबते,
मग निघते पुढच्या नवरीकडे.
शास्त्रात तिला वेगळं नाव आहे.
मी पाठराखीणच म्हणते.

अण्णा एकोणचाळीस वर्षं
हिंदमाताच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसले.
वीरजीशेठ म्हणायचे, विकणारे पैशाला पासरी,
घडी घालणारा एकच, आमचा दामोदर.
बाई बावीस साड्या उलगडायची, एकही न घेता उठायची,
अण्णा तिला पाणी विचारायचे
आणि पहिल्या साडीच्या काठाला काठ लावायचे.

आठवीत असताना, धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री
डबा घेऊन गेले होते.
गादीवर गुडघाभर रेशीम.
अण्णांनी शटर अर्ध्यावर ओढलं:
नवीन गिऱ्हाईक घेऊ नका.
मुनीमजी, तुम्हीपण या. चहावाल्या पोऱ्या, हात धुऊन ये.
सगळ्यांनी घड्या घाला.

वीस वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली
पेशीला हुबेहूब हेच करताना पाहिलं.
नवं काम थांबवते, पाठराखिणी वाढवते,
पसारा आवरला की शटर वर.
आवरलाच नाही
तर एकेक दिवा आतूनच मालवते.

कातडीच्या पेशीचं बरं असतं,
दोन होतात, पसारा वाटला जातो.
मेंदूतल्या पेशीला दुसरी शाखा नाही.
तीच गादी, तोच गल्ला, सत्तर-ऐंशी वर्षं.
आणि एक चुकलेली घडी
शेजारणीलाही चुकायला शिकवते.
हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले होते,
कापड असं कधी करत नाही, म्हणाले.

आधी उजवा अंगठा हलायला लागला,
नोटा मोजल्यासारखा, हातात नोटा नसताना.
मग नायगावच्या खोलीत, संध्याकाळी,
भिंतीशी ओळीने बायका बसलेल्या दिसू लागल्या.
त्यांना पाणी विचार, म्हणायचे.
मी विचारायचे.

डॉक्टरांनी पेशींत साठणाऱ्या गोळ्यांचं नाव सांगितलं.
मला ते गेली सहा वर्षं पाठ आहे.
पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवली.

सोमवारी पुन्हा बशी, पुन्हा पेशी,
हिरवे चमकणारे ठिपके.
बारा ते चौदा. मोजले.
सुंदर दिसतात, हे कुणाला सांगत नाही.

रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथेच चिरतं,
सहा महिन्यांनी घडी बदलावी,
हे अण्णांनीच शिकवलेलं.
म्हणून आज आईची निळी नारायणपेठी काढली.
एक टोक त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी काठ शोधला. सापडला. सुटला.
पुन्हा शोधला.
कापड मांडीवरून जमिनीवर गेलं,
अंगठा मोजत राहिला.

मग एकदम मान वर करून
गादीवरच्या आवाजात म्हणाले,
ताई, पदर बघा. असा निळा परत येणार नाही.

मी समोर मांडी घातली.
केवढ्याला?
अकराशे. तुमच्यासाठी साडेनऊशे.
आईला ही एकोणनव्वदमध्ये घेतली होती, साडेनऊशेलाच,
पावती कपाटात आहे.

जास्त होतात, म्हटलं.
दुसरी दाखवा.

ते आनंदाने मागे वळले, भिंतीकडे,
रिकाम्या फळीकडे हात नेत.
तेवढ्यात मी भराभर
काठाला काठ लावला.