पंचांची भांडी

अमावास्येला चार दिवस उरलेत.
पाडव्याला किल्ली बिर्ज्यांच्या घरी जाईल.
आज देवळामागची खोली उघडली.
कुलूप आधी डावीकडं, मग गुडघ्यानं दाराला रेटा,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
वैशाखातल्या पहिल्या लग्नाला
नवरीचा मामा दारात ताटकळत असताना
हाताला आपोआप कळलं.

पंचांच्या वहीत नाव ह्यांचं आहे,
परशराम हुंदरे, मुदत एक वर्ष.
ह्यांची पाळी रात्रीची, वडगावातल्या मागावर,
किल्ली वर्षभर माझ्या कमरेला.
पाडव्याला शाल ह्यांना मिळेल,
नारळ फोडून वाटायला मला देतील.
असू दे. उरल्या खोबऱ्याची चटणी होते.

मोजायला बसले.
हंडे तीन, एकाचा कान सुटलेला.
काहील एक. झारे चार. सतरंज्या नऊ,
आणि दहावी, उंदरांनी आधीच मोजलेली.
जुन्या ताटांवर नावं मराठीत कोरलीत,
अलीकडच्यांवर कन्नडात,
मी वेगळे ढीग कधी केले नाहीत,
काठात काठ बसला की झालं.

वही म्हणते, लग्नं चौदा, बारशी पाच,
वास्तुशांती दोन, दिवसकार्यं सहा.
एका साखरपुड्याची भांडी
संध्याकाळी तशीच परत आली,
धुवायलाही नकोत अशी कोरडी.
मी आकडा लिहिला,
शेऱ्याच्या रकान्यात रेघ ओढली.

लग्नाची माणसं दुपारी येतात,
चपला काढतात, पान-सुपारी पुढं करतात,
बोलणं तारखेपासून सुरू करतात.
रात्री तीनला येतो तो कडी वाजवत नाही,
तळहातानं दार नुसतं थोपटतो
आणि कोण गेलं ते सांगत नाही.
मीही विचारत नसे.
पाणी तापवायला पातेलं मोठं की मधलं, एवढंच.
आषाढात कल्लाप्पाण्णांचा थोरला आला,
डोक्यावर खताचं पोतं पांघरून,
"मधलं," म्हणाला.
मग गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन माघारी आला,
"मोठंच द्या काकी. लोक येतील."

ताटं दोनशे बारा पाहिजेत.
दोनदा मोजली, दोनशे अकरा.
तिसऱ्यांदा मोजली नाहीत,
बारावं कुठं आहे ते मला श्रावणापासून ठाऊक आहे.

सिद्रायच्या पोरीचं बारसं होतं.
नीलव्वाचे पाय सुजलेले, म्हणून तिच्या पत्र्याच्या खोलीत
वाढलेलं ताट मीच नेऊन दिलं.
चार दिवसांनी परत आणायला गेले
तर ती त्यातच जेवत होती, भात आणि पातळ सार.
हात कापत होता,
सार काठापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं.
"इदराग चेल्लंगिल्ल नोडव्वा," म्हणाली,
ह्यात सांडत नाही बघ, असं,
एखाद्या नव्या शेजारणीची तारीफ करावी तसं.
मी म्हटलं, सहज आले होते.
पोरगा गोव्याला, एवढं विचारून उठले.

हे म्हणाले, भरून टाकू, सत्तर-ऐंशी रुपयांचा प्रश्न.
गणपत गल्लीतून ताट आणलंही.
चकचकीत, काठ बसका.
ढिगात घातलं की वरची सगळी डुलायला लागतात.
ते आता आमच्याच घरी आहे, पीठ चाळायला.

वहीत लिहिलं, ताटं २११.
पेन थांबलं थोडा वेळ.
मग शेऱ्यात लिहिलं, एक वापरात.
पंचांना काय विचारायचं ते ह्यांना विचारू देत.

"काय करूलीस काकी?"
बिर्ज्यांची धाकटी सून दारात उभी,
कडेवर पोर, डोळे हंड्यांवर.
तिला कुलूप दाखवलं, डावीकडं, मग गुडघा.
तिला पहिल्याच झटक्यात जमलं, जरा वाईटही वाटलं.
"रात्रीचं कोण येतंय काय?" तिनं हळूच विचारलं.
म्हटलं, येतंय. पण झोप लागते गं,
तो आवाज वेगळा असतो.

अजून चार रात्री आहेत.
हंड्याच्या कानाला तेवढा डाग देऊन घ्यायचा राहिलाय.