सांडणारी दारू

शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात
मी लिहिलं होतं: दारू.
बाई म्हणाल्या, नीट लिही.
मी जोडलं: बंदुकीची.
तरी त्यांची नजर हळहळलेलीच राहिली.

साखर पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात
दीड खणाचं दुकान, भिंतीवर परवान्याची चौकट,
पाटीवर ‘राजलिंग चिप्पा अँड सन्स’.
सन्स नव्हतेच.
मी होते.

अक्कलकोटाकडचे बिराजदार थंडीत यायचे,
उसात डुकरं शिरली की.
सोबत आज्याची लिव्हरची रायफल, गोधडीत गुंडाळलेली.
खालची कडी पुढं ढकलून मागं ओढली की
खट्-खटाक्.
नाना डोळे मिटून ऐकायचे.
मिलमध्ये अकरा वर्षं धोटा ऐकलेले कान ते.

तिच्या नळीत काडतुसं आडवी निजतात,
एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीला,
आम्ही पाच बहिणी एका चादरीखाली निजायचो तशी.
म्हणून गोळीचं नाक बोथट लागतं.
टोकदार असलं तर धक्क्यासरशी
पुढच्या काडतुसालाच पेटवायचं.
हे सांगताना नाना थोरलीकडं बघायचे.

बिराजदार म्हणायचे, ‘जोराची भरा की ओ.’
नाना विचारायचे, ‘जोर डुकराला पायजे
का तुमच्या खांद्याला?’
आणि पंखा बंद करून तीन डबे उघडायचे.
एक खसखशीएवढी बारीक, तापट:
‘ही आधी पेटते, मग विचार करते.’
एक राळ्यासारखी, गोल, सुस्त.
तिसरी कोंड्यासारखी, फुगीर,
वजनाला काही नाही पण जागा अडवून बसणारी,
लग्नातल्या मामांसारखी.

‘हीपण कापसाचीच,’ म्हणायचे,
‘आपल्या चादरीची चुलत बहीण.
एक पांघरायची, आणि एक...’
वाक्य पुरं करायचे नाहीत.
तराजू पुसायला घ्यायचे.

निवड ठरलेली. कोंड्यासारखी.
मी एकदा विचारलं, हीच का?
नानांनी रिकामं पितळी कवच
माझ्या तळहातावर उभं केलं.
‘बारीक दारू दोनदा भरली तरी तळाशी गप बसते.
वरून गोळी बसवली, की कुणाला कळणार?
ही भर बघू दोनदा.’
भरली. फरशीवर सांडली, माझ्या परकरावर सांडली.
‘हां,’ म्हणाले.
‘चूक सांडायला पायजे.’

मग एका मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीच्या दुपारी,
तराजूचा काटा थांबेना.
काटा नव्हे, हात.
एक माप भरलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली.
‘वस्तुन्ना,’ म्हणत उठले,
परत आले, त्याच कवचात पुन्हा भरू लागले.
मी बोलले नाही.
राखाडी दाणे फरशीवर आले
आणि नाना त्यांच्याकडं बघत बसले,
आपण नसताना घरात
कुणी येऊन गेल्यासारखे.

त्या संध्याकाळी भरलेली सगळी काडतुसं मोकळी केली.
डबे, परवाना, सगळं आठवड्याभरात जमा.
बिराजदारांना निरोप गेला: दुसरीकडं बघा.
मूठभर उरलेली परसातल्या अबोलीला घातली.
त्या साली अबोली लई फुलली, असं आई म्हणते.
मला आठवत नाही.

आता आमटीत मीठ घातलं की
मी खडूनं ओट्यावर एक रेघ ओढते.
नवरा हसतो.
त्याला काय सांगू,
मीठ दोनदा पडलं तरी
सांडत नाही.