अर्थिंग

मुनघाटे मॅडमची गाडी दोरी बांधून आली.
मे महिना, दुपारचे तीन,
कामठी रोडचं डांबर चपलेला सोडायला तयार नाही.
तन्वीरनं डॅशखाली स्कॅनर खोचला आणि शिट्टी मारली,
"उस्ताद, चौदा कोड!"

स्टिअरिंग म्हणतं, ब्रेकवालं बोलत नाही.
ब्रेकवालं म्हणतं, मी बोलून राहिलो, मीटर ऐकत नाही.
मीटर म्हणतं, मला या घरात कोणी काही सांगतच नाही.
एअरबॅग रुसून बसलेली.
लग्नघरी जेवणाला उशीर झाला
की माणसं एकमेकांची नावं सांगतात, तसं चाललेलं.

बॅटरी बदलून झाली होती. अल्टरनेटरही.
आता शोरूमनं लिहून दिलं होतं :
मॉड्यूल, बेचाळीस हजार, टॅक्स वेगळा.
मॅडम कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. म्हणाल्या,
"चौदा वस्तू एकाच आठवड्यात बिघडण्याची शक्यता किती, सांगू?"
म्हटलं, "राहू द्या. मी बारावी नापास.
पण मलेही तेच वाटून राहिलं."

परसराम वस्तादाकडे मी अठ्ठ्याऐंशी साली लागलो.
हत्यार काय, तर दोन वायरी आणि एक बल्ब.
बल्ब मिणमिणला की ते बिडी विझवत
आणि माझ्या टाळूवर टिचकी मारत :
"करंट गेला कसा, ते सारेच पाह्यतात.
तो परत कुठून येते, ते पाह्य बे आधी."

म्हणून मीटरचा काळा पिन बॅटरीच्या मायनसला,
लाल पिन इंजिनला. शून्य. बरं.
लाल पिन बॉनेटखालच्या पत्र्याला. शून्य. बरं.
मग डाव्या सीटपुढचं प्लास्टिक उघडून,
जिथे सात काळ्या वायरी एका बोल्टखाली दाटीनं बसतात, तिथे.
तन्वीरला म्हटलं, लाइट लाव, पंखा लाव, मागची काच तापव.
"या गर्मीत?"
"लाव."
आकडा चढत गेला.
पॉइंट चार.
एक पॉइंट एक.
एक पॉइंट नऊ.
तन्वीरनं मीटर पालथा करून त्याचा सेल तपासला.

बोल्टवर पांढरी खपली. बोटानं खरवडली, जिभेला लावली.
खारट.
गालिचा दाबला तर पाणी वर आलं.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
दिवाळीपासून आभाळातून थेंब नाही.

"मॅडम, गाडी कुठे लावता?"
"जिन्याशेजारी. खिडकीखाली."
"खिडकीत काय आहे?"
त्या बोलता बोलता थांबल्या.
"कूलर. बोअरचं पाणी. रात्रभर..."

रात्रभर थेंब थेंब काचेच्या पायथ्याशी,
तिथली मोरी कडुनिंबाच्या पाल्यानं गच्च,
म्हणून वाट काढत आत,
डॅशमागून उतरत, अंधारात,
नेमकं सात वायरींच्या उंबऱ्यावर.

दहाचा पाना. पॉलिश पेपर.
पत्रा आरशासारखा होईस्तोवर घासला,
नवा वायसर, वर व्हॅसलिन.
पाला काढला, मूठभर, काळा, चहाच्या चोथ्यासारखा.
चावी फिरवली.
तेरा कोड गेले.
चौदावा राहिला : मागचा उजवा दरवाजा, कधीतरी, आता नाही.
तो मी पुसला नाही. असू दे.
कधीतरीचं पुढल्या खेपेला पाहू.

"मग कूलर बंद ठेवू का?"
"नागपुरात? मे महिन्यात?
गाडी दोन हात पुढे घ्या, मॅडम."

बिलबुकात तन्वीरनं त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं :
अर्थ साफ केला. रु. ४५०.
मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली,
हसल्या, कागद घडी करून पर्समध्ये जपून ठेवला.
हसण्यासारखं काय होतं ते विचारणार होतो,
पण दोरी सोडून झाली होती,
आणि त्याच दोरीला बांधलेली दुसरी गाडी
चौकातून वळून येत होती.