थर्ड पार्टी

मी थर्ड पार्टीचं काम पाहतो म्हटलं
की सासरे विचारतात, गाडीच्या विम्याचं का?
मी हो म्हणतो.
कुठे समजावत बसू, की हिंगण्याच्या शेडमध्ये
आम्ही खेळायचं यंत्र बनवतो
आणि त्यात खेळ नाहीत.

म्हणजे आमचे आहेत. तीन.
एक पतंगाचा, एक वाघाचा,
एक बारापात्रेच्या पुतण्याने सुट्टीत केलेला.

बारापात्रे आमचा हार्डवेअरवाला.
आधी कूलर बनवायचा, लोखंडी, तीन बाजूंनी वाळा.
गरम हवा कुठून शिरते, कुठून निघते
हे त्याला हाताच्या पाठीने कळतं.
तरी त्याने चिप अशी निवडली
की आठ हात एकदम राबतात,
फक्त प्रत्येक हाताला काम सांगायचं
वेगळ्या बोलीत.
"ताकद तं पाय भाऊ," तो म्हणाला, "शिकतीन लोक."

लोक शिकले नाहीत.
पुण्याचा स्टुडिओ म्हणाला, किती विकले ते आधी सांगा.
हैदराबादचा म्हणाला, किती विकले?
इतवारीतले ताहेरभाई डबा उलटा करून म्हणाले,
खेळ किती?
मी मध्ये उभा,
झिरो माइलच्या खांबासारखा:
सगळ्या गावांची अंतरं अंगावर कोरलेली
आणि आपण कुठेच निघालेलो नाही.

फुकट वाटलेल्या बारा यंत्रांपैकी
नऊंचा पत्ता नाही.
दोन परत आली, सील न फोडता.
बारावं मानेवाड्यात, शिवणक्लासच्या वरच्या खोलीत,
दीक्षिता लांजेवार आणि सादिया यांच्याकडे.
मे महिन्यात फोन आला:
"तुमचं मशीन दुपारी अडीचले बंद पडते. रोज.
आम्ही आता रात्रीच काम करून राहिलो."

गेलो. खाली शिलाई मशीनची खडखड,
वर शेचाळीस डिग्री.
बारापात्रेने डब्यावर हाताची पाठ ठेवली
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग सादियाने खेळ लावला.
कळमन्याची मंडई, रात्र, संत्र्यांचे ढीग,
दोघे व्यापारी रुमालाखाली हात धरून
भाव ठरवतात.
पडद्यावर आकडा दिसतच नाही.
कंट्रोलर थरथरतो, तोच भाव.
एक दाब, दोन दाब, एक लांब.
ती मोटर बारापात्रेने कशासाठी बसवली होती
ते त्यालाही आठवत नव्हतं.

"आठपैकी किती हात वापरले?" त्याने विचारलं.
"दोन."
"अन् बाकीचे सहा?"
"झोपले आहेत. काहून उठवू?"

परतताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता
आणि मेडिकल चौकापासून शेडपर्यंत
फक्त एकदा बोलला, "सहा."

नवीन यंत्रात दोनच हात.
जागा उरली तिथे मेमरी दुप्पट,
मागे जाळी, कूलरसारखी तिरपी.
किंमत चार हजारांनी उतरली.
मी आमचा वाटा तीसवरून दहावर आणला
आणि मालकांच्या समोर
तोंड खाली घालून उभा राहिलो,
जसं पूर्वी कूलरचे हप्ते थकलेले लोक
बारापात्रेसमोर राहायचे.

पहिलं यंत्र घरी आणलं.
सासऱ्यांनी चाळीस वर्षं कळमन्यात अडत केली.
चष्मा काढून त्यांनी कंट्रोलर धरला,
वर सवयीने पंचा टाकला,
डोळे मिटले.
"चूक आहे," म्हणाले. "अर्धा रुपया असा दाबत नसतात.
कोण आहे ती पोरगी? लाव फोन."

ते तासभर बोलत आहेत,
हवेत बोटं दाबून दाखवत आहेत,
ती बोटं तिला दिसत नाहीत हे विसरून.
आता कुणी विचारलं तर सांगता येईल,
थर्ड पार्टी म्हणजे हे.

पुण्याहून मेल आलेला आहे. किती विकले?
उद्या लिहीन.