साखर पेठ, दुपारचे अडीच

साखर पेठेत राहतो आम्ही
आणि डब्यात साखर नाही.
हे श्रीलताला इतकं आवडलं
की जिन्यात जाऊन तिनं ते तीनदा ओरडून सांगितलं.
खालनं कुणीतरी म्हणालं, झोपू द्या की बे.

मी रात्रपाळीचा माणूस,
दुपार म्हणजे माझी मध्यरात्र.
पण मे महिना, डोक्यावर पत्रा,
अरुणा गणवेश शिवायला कारखान्यात
(जूनच्या आधी कुणाकुणाच्या पोरांना
खिसे लावायचेत तिला)
आणि आमची दोन
माझ्या पोटावर बसून
नानकटाई मागतायत.

इराण्णाच्या भट्टीला कुलूप.
एरवी रवा, मैदा, तूप घेऊन जायचं,
तो आपला ट्रे आपल्या नावानं भाजून देतो.
दारावर खडूनं लिहिलंय : लग्न. बुधवारी येतो.
बुधवार म्हणजे नरसूच्या हिशेबात
पुढचा जन्म.

म्हणून मग कुकर.
शिट्टी काढली, रिंग काढली,
तळाला जाडं मीठ.
मैदा नव्हता, ज्वारीचं पीठ होतं.
तूप होतं वाटीच्या बुडाला,
ते बोटानं निपटायचं काम नरसूनं घेतलं
आणि अर्धं काम पोटात गेलं.
श्रीलता गूळ किसायला बसली,
एक खडा किसणीला, एक जिभेला.
शेंगाचं कूट मी घातलं.
आमच्यात काही अडलं की शेंगाचं कूट घालतात.

तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी ही बोटं,
पण त्याचे गोळे गोल
आणि माझे बटाटे.
"काय करलालाव अप्पा," नरसू म्हणाला,
थेट आमच्या जॉबरच्या आवाजात,
आणि माझा एक गोळा नापास करून
परत परातीत टाकला.

मग श्रीलतानं काढलं, सही करू.
प्रत्येकीवर अंगठा :
तिचा, त्याचा, माझा.
आईचा अंगठा कामावर गेलेला,
म्हणून तिच्या तिघींवर
गणवेशाचं बटण दाबलं, चार भोकांचं.

आता वाट बघायची.
खाटेवरनं चादर सोडली, झाला तंबू.
चादर सेकंडची, तिच्यावरचा मोर एका पायाचा.
तो दुसरा पाय माझ्या हातनं गेला,
पगारातनं कापलाही गेला,
पोरांना मात्र हाच मोर लागतो, लंगड्या.
लंगड्याच्या पोटात आम्ही तिघं,
घामानं एकमेकांना चिकटलेले,
कुकर कधी बोलतो म्हणून कान लावून.
शिट्टी काढलेला कुकर काय बोलणार.

गल्लीतले माग एकदम गप्प झाले
तेव्हा कळलं, वीज गेली.
आणि त्या गप्पपणात
वास आला.

बुडाला काळ्या, कडेला फुटलेल्या.
ज्वारी ती, धरून राहायची तिला सवय नाही.
फुंकर मारायला धीर नव्हता,
जिभा भाजल्या, रडणं झालं,
रडता रडता दुसरी उचलली गेली.
माझ्या अंगठ्याची मला एकच मिळाली.

अरुणा सातला आली,
केसांत खाकी दोऱ्याचे तुकडे.
एक खाल्ली, विचार केला.
"मीठ कमी पडलंय," म्हणाली.
तळाला अर्धा किलो होतं.
दुसरी खाल्ली तेव्हा काही बोलली नाही,
ताटलीतला चुरा बोटानं टिपत बसली.
"माझी तिसरी कुठाय?"
श्रीलतानं छताकडं बघितलं.
नरसू झोपला होता, जरा जास्तच घट्ट.

बुधवारी इराण्णा आला, भट्टी पेटली.
त्याच सकाळी मी पाळी संपवून घरी येतो तर
उंबऱ्यापासून एक काळी रेघ,
चपलांच्या बाजूनं, खाटेच्या पायावरनं,
थेट घडी घातलेल्या लंगड्याच्या आत.
उघडून बघितलं :
अर्धी उरलेली, चार भोकांपैकी दोन शाबूत.
"आईची आहे," नरसू म्हणाला. "सांगू नका."

पत्ता बरोबर लागला होता मुंग्यांना.
पेठेचं नाव वाचूनच आल्या असणार.